सुई टोचून घेण्याआधी : आपल्या गावचा दवाखाना कसा पाहावा



गटाचं अंतर्गत कर्जाचं रजिस्टर तपासताना माझं बोट एका रकान्यावर नेहमी थांबतं, ‘कर्जाचे कारण’. बियाणं, शेळी, मुलीची फी, आणि मग ‘दवाखाना’, ‘दवाखाना’, ‘आजारपण’, पुन्हा ‘दवाखाना’. रक्कम मोठी नसते. पाचशे, हजार, कधी दोन हजार. पण तुमच्यापैकी एखादीने शेळी घेतली तर आपण सगळ्या ती बघायला जातो, तिचे दात बघतो, कास बघतो, महाग पडली म्हणून बोलतोसुद्धा. दवाखान्यात गेलेल्या पैशात काय मिळालं, ते मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारत नव्हते.

आता माझीच गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या आत्याला ताप भरला. अंगात कणकण, पाठ मोडून आलेली. मी तिला स्कूटीवर बसवून बाजाराच्या गावी एका डॉक्टरांकडे नेलं. बाहेर वीसएक माणसं बसलेली. कंपाउंडरने स्टीलच्या ट्रेमधून सुई लावून ठेवलेली एक सिरिंज उचलली, बाटलीतून औषध ओढलं आणि आत्याच्या कमरेत टोचलं. पाकीट फाडल्याचा आवाज मला आला नाही. ट्रेमध्ये पाकीटही नव्हतं. मी हे पाहिलं. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, गटागटात जाऊन हक्कांवर बोलणारी, आणि मी गप्प बसले. डॉक्टर माझ्या वडिलांना ओळखत होते. एवढ्या लोकांत विचारायचं कसं, असं वाटलं.

आठव्या दिवशी ती जागा लाल होऊन सुजली. तालुक्याला चीर देऊन पू काढावा लागला. तीन आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग, आत्याची वेचणीची मजुरी बुडाली आणि गटातून सहा हजारांचं कर्ज काढावं लागलं. रजिस्टरला कारण लिहिलं ‘दवाखाना’. ती सिरिंज आधी कोणाला वापरलेली होती की नव्हती, हे मी सिद्ध करू शकत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिची कावीळ आणि एचआयव्हीची तपासणी करायला लावली, तीन महिन्यांनी परत करायला लावली. दोन्ही वेळा रिपोर्ट चांगले आले. पण मधले तीन महिने आत्या स्वतःचं ताट-वाटी वेगळं ठेवून जेवायची. तसं करायची काही गरज नाही, हे मी तिला दहादा सांगितलं. तिने ऐकलं नाही.

म्हणून हा लेख. डॉक्टरांवर संशय घ्यायला शिकवणारा नाही. चांगला दवाखाना कसा ओळखायचा, काय बघायचं आणि तोंड उघडून कसं विचारायचं, एवढंच सांगते.

सुई आणि सिरिंज

सगळ्यात आधी हेच, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. एका माणसाला वापरलेल्या सुईत किंवा सिरिंजमध्ये डोळ्यांना न दिसणारं रक्त राहतं. त्यातून तीन मोठे आजार दुसऱ्याला होऊ शकतात. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, आणि एचआयव्ही. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. ही भीती घालायला सांगत नाही, घडलेलं सांगते. 2009 मध्ये गुजरातच्या मोडासा भागात दवाखान्यांत वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ आली आणि अनेकांचे जीव गेले. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊ भागात आरोग्य विभागाच्या शिबिरांमध्ये एचआयव्हीचे अनेक रुग्ण सापडले. एकच सिरिंज अनेकांना वापरणाऱ्या, पदवी नसलेल्या माणसावर 2018 मध्ये गुन्हा दाखल झाला. तिथले लोक आपल्यासारखेच. तापाला सुई घेतली की उद्या कामावर जाता येतं, एवढाच त्यांचा हिशोब.

पुष्कळ जणींना वाटतं, सुई बदलली की झालं, सिरिंज तीच असली तरी चालते. चालत नाही. रक्त सुईतून मागे सिरिंजमध्येही येतं. दोन्ही नव्या हव्यात, आणि एका माणसाला एकदाच.

मग बघायचं काय? बंद पाकीट तुमच्यासमोर फाडलं पाहिजे. औषधाच्या छोट्या बाटलीचं रबरी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं पाहिजे. त्या बुचात आधीपासून सुई खोचून ठेवलेली दिसली तर समजायचं की इथे निष्काळजीपणा आहे. त्या एका सुईतून दिवसभर सगळ्यांसाठी औषध ओढलं जातं आणि हवेतली घाण बाटलीत जाते. टोचून झाल्यावर सुईला परत टोपण घालायचं नसतं, कारण तसं करताना सिस्टरच्याच बोटाला टोचतं. सुई तिथल्या तिथे कापायची असते. त्यासाठी छोटं यंत्र मिळतं. साखर तपासताना बोटाला टोचतात तिथेही हेच लागू. मशीन एकच चालेल, पण टोचायची सुई प्रत्येकीला नवी. गावात साखर तपासणीचं शिबिर असलं की इकडे नक्की लक्ष ठेवा.

आणखी एक सिरिंज असते. एकदा दट्ट्या दाबला की ती आपोआप अडकते, परत ओढताच येत नाही. बाळाला उपकेंद्रात लस देताना सिस्टर हीच वापरतात. पुढच्या वेळी त्यांना विचारा, त्या आनंदाने दाखवतील. माझं मत विचाराल तर खाजगी दवाखान्यांनीही हीच वापरावी.

चार रंगांचे डबे

आत्याच्या प्रकरणानंतर मी आमच्या भागातल्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे मुद्दाम गेले. वयस्कर आहेत, त्यांनी माझ्या मैत्रिणीच्या घरातल्या तीन पिढ्या तपासल्यात. मी म्हटलं, सर, मला दवाखाना कसा चालतो ते शिकायचंय. त्यांनी दुपारी पेशंट संपल्यावर बोलावलं आणि पहिल्यांदा काय दाखवलं असेल? कचऱ्याचे डबे.

पिवळ्या डब्यात रक्ताने भरलेला कापूस, पट्ट्या, मुदत संपलेली औषधं. लाल डब्यात प्लास्टिक, म्हणजे सुई कापलेली सिरिंज, सलाईनची नळी, हातमोजे. पांढऱ्या, न टोचला जाणाऱ्या बंद डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काचेच्या बाटल्या. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हे मोठ्या हॉस्पिटललाच नाही तर एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहे. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि हा कचरा ठरलेली गाडी येऊन नेते. डॉक्टर म्हणाले, “दवाखाना चांगला की वाईट हे माझ्या खुर्चीवरून कळत नाही, माझ्या डब्यावरून कळतं.”

मला ते पटलं. कारण आमच्या एका गावात ओढ्याच्या कडेला सिरिंजा पडलेल्या मी स्वतः पाहिल्यात. पोरं त्यात पाणी भरून पिचकारी खेळत होती. उकिरड्यावर दवाखान्याचा कचरा दिसला तर फोटो काढा आणि ग्रामपंचायतीच्या आरोग्य व पोषण समितीत विषय घ्या. या समितीत आशाताई असतातच, आपल्या गटाच्याही बायका असतात.

सलाईनची बाटली

त्याच दिवशी मी डॉक्टरांना सरळ विचारलं, मग सगळे डॉक्टर सुई आणि सलाईन का लावतात? ते हसले. म्हणाले, “ताई, मी गोळ्या दिल्या तर पेशंट म्हणतो, सुई नाही मारली, डॉक्टर कसला हा. उद्या तो शेजारच्या दवाखान्यात जातो. तुमच्या बायकांना सांगा आधी.” तर सांगते आहे.

आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद असं एक समीकरण बसलंय. वेचणी संपली, अशक्तपणा आला, लावा एक बाटली. ‘पिवळी बाटली’ तर जास्तच ताकदीची. त्या बाटलीत काय असतं, तो हिशोब करू या, आपण हिशोबातल्या बायका आहोत. साध्या मिठाच्या सलाईनच्या 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. सपाट चहाचा चमचा भरून नाही. बाकी सगळं पाणी. साखरेच्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज असतं, पाच-सहा चमचे साखरेएवढं. एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त ताकद आहे. पिवळा रंग येतो तो त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिसळल्याने. तेच जीवनसत्त्व गोळीतून काही रुपयांत मिळतं. शेवग्याच्या पाल्यात आणि मोड आलेल्या मटकीत तर ते घरचंच.

मग बाटली लावल्यावर बरं का वाटतं? एक तर तासभर आडवं पडायला मिळतं. आपल्यातल्या किती जणींना दुपारी तासभर आडवं पडायला मिळतं, सांगा बघू. आणि बाटलीत बरेचदा तापाचं, दुखण्याचं औषधही सोडलेलं असतं. गुण त्याचा असतो.

सलाईन खरोखर लागतं तेव्हा ते जीव वाचवतं. सारखी उलटी होतेय, पोटात पाणी ठरत नाही, जुलाबाने डोळे खोल गेलेत, लघवी होत नाही, माणूस गुंगीत आहे, अशा वेळी एक मिनिट घालवू नका. पण तोंडाने पिता येत असेल तर ओआरएसचं पाकीट तेच काम करतं. ते आशाताईंकडे फुकट मिळतं. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अर्ध्यापेक्षा जास्त नको. विनाकारण लावलेल्या सलाईनने थंडी वाजून येऊ शकते, शीर सुजते, आणि हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाणी जास्त होऊन दम लागू शकतो.

म्हणून पुढच्या वेळी एवढंच म्हणा : “डॉक्टर, गोळीने भागेल का? भागत असेल तर मला गोळीच द्या.” बऱ्याच चांगल्या डॉक्टरांना हे वाक्य ऐकून सुटल्यासारखं वाटेल.

इंजेक्शन घ्यावंच लागलं तर अर्धा तास दवाखान्यातच बसा. क्वचित एखाद्याला औषधाची जोरदार रिअॅक्शन येते, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, चक्कर येऊन माणूस कोसळतो. त्यावर ॲड्रेनलिन नावाचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. ते स्वस्त आहे आणि प्रत्येक दवाखान्यात हाताशी असलं पाहिजे. आधी कधी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर ते औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा.

पुडीतल्या गोळ्या

खेड्यात डॉक्टर बरेचदा स्वतःच गोळ्या देतात. कागदाच्या पुडीत एक पांढरी, एक गुलाबी, अर्धी पिवळी. सकाळ-संध्याकाळ. नाव नाही, मुदत नाही. पुडीतून गुण येतोही. पण दोन दिवसांनी त्रास वाढला आणि तालुक्याला न्यावं लागलं, तर तिथले डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, काय दिलं होतं? आपण म्हणतो, गुलाबी गोळी. त्यावर तो बिचारा काय करणार?

औषधाचं नाव कळणं हा आपला हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेतच लिहिलंय की चिठ्ठी वाचता येईल अशा अक्षरात असावी आणि औषधाचं मूळ नाव लिहावं. तेव्हा सांगा, “सर, पुडीवर नावं लिहून द्या, आमच्या फाईलला लावायची आहेत.” गोळ्या पट्टीतल्या असतील तर मुदत छापलेला भाग शेवटी कापायला सांगा.

यातल्या दोन गोळ्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. एक अँटिबायोटिक. यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, 2016 पासून सरकार ती ओळख सांगतंय. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घ्यायची नाही, साध्या सर्दीला मागायची नाही, आणि शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच नाही. दुसरी स्टिरॉइड. ‘एका दिवसात गुडघे मोकळे’, ‘दमा गायब’ असा चमत्कार ज्या पुडीने होतो, तिच्यात बरेचदा ही असते. हे औषध वाईट नाही, योग्य आजारात ते लागतंच. पण महिनोन्‌महिने न सांगता देत राहिलं तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि एकदम बंद केलं तरी धोका. तुमच्या सासूबाई वर्षभर एकाच ठिकाणची अशी पुडी घेत असतील तर ती मनाने बंद करू नका. पुडी घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि मेडिकल ऑफिसरना दाखवा.

दिवस गेले असतील, पाळी चुकली असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता आधी सांगा. गर्दीत सांगायला लाज वाटते, मला माहीत आहे. चिठ्ठीवर लिहून द्या.

तपासताना पडदा

पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई असणं हा आपला हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे आलंय. आपली सोबतीण, सासू, सिस्टर, कोणीही चालेल. पडदा हवा. आणि पुढचा पेशंट टेबलाशी उभा असताना “पांढरं जातंय का” हे मोठ्याने विचारायचं नसतं. याबद्दल बैठकीत कोणी बोलत नाही, पण बैठक सुटल्यावर चपला घालताना दर वेळी एक तरी ताई मला बाजूला घेऊन सांगते की या एका कारणासाठी ती दवाखान्यात जातच नाही. अंगावर काढते. मग गर्भाशयाचं दुखणं मोठं होऊन येतं आणि कर्जही मोठं लागतं.

पाटी, पावती, आणि तक्रार

दवाखान्यात डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहिलेला असला पाहिजे. चिठ्ठीवर आणि पावतीवरही. एमबीबीएस असतील तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, बीएएमएस असतील तर भारतीय चिकित्सा पद्धतीची परिषद, बीएचएमएस असतील तर होमिओपॅथीची परिषद, अशी नोंदणी असते. बीएएमएस, बीएचएमएस म्हणजे बोगस नव्हे, खेड्यापाड्यातला अर्धाअधिक भार तेच उचलतात. कुठल्याच परिषदेत नोंदणी नसलेला माणूस दवाखाना चालवत असेल तर तो गुन्हा आहे, मग त्याच्या हाताला कितीही गुण असो. शंका असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या. एकटीचं नाव नको असेल तर ग्रामसंघाच्या लेटरहेडवर ठराव करून द्या. ग्रामसंघ त्यासाठीही आहे.

पावती मागा. “पावती कशाला, शंभर तर रुपये” असं उत्तर येईल. हसून म्हणा, “गटाला दाखवावी लागते.” खोटं नाही ते. नातलगाला खाट देऊन ठेवून घेतलं असेल तर कागदपत्रांची प्रतही मागता येते, मागितल्यापासून 72 तासांत द्यावी लागते. पैसे देऊन घेतलेली दवाखान्याची सेवा ग्राहक कायद्यात येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1995 चा निकाल आहे. पण खरं सांगू का, तक्रारीपर्यंत जायची वेळ फार कमी येते. आधी विचारलं की बऱ्याच गोष्टी तिथेच सुधारतात.

सरकारी दवाखान्यालाही मापदंड आहेत. राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचं प्रमाणपत्र आणि स्वच्छतेसाठी 2015 पासून ‘कायाकल्प’ पुरस्कार असतो. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ते लावलंय का बघा. नसेल तर मेडिकल ऑफिसरना विचारा, आम्ही काय मदत करू? आमच्या एका ग्रामसंघाने असं विचारलं आणि बायकांच्या संडासाची कडी बसली. छोटी गोष्ट, पण आता बाळंतिणी तिथे थांबतात.

मागच्या महिन्यात आत्याला खोकला झाला. त्याच बाजाराच्या गावी, त्याच डॉक्टरांकडे गेलो, कारण जवळ तेच आहेत. इंजेक्शन काढलं तेव्हा आत्याच म्हणाली, “पाकीट माझ्यासमोर फाडा, बाबा.” कंपाउंडर थांबला. डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. मग नवं पाकीट फाडलं. नंतर तेच म्हणाले, खोकल्याला सुईची तशी गरज नाही, गोळ्या देतो. आम्ही दोघी बाहेर येऊन स्कूटीजवळ पोचेपर्यंत काही बोललो नाही, आणि मग आत्या जी हसत सुटली!

पुढच्या मासिक बैठकीत उपकेंद्राच्या सिस्टर येणार आहेत. येताना घरात पडलेल्या सगळ्या पुड्या, पट्ट्या, जुने केसपेपर एका पिशवीत घेऊन या. आपण नावं आणि मुदत वाचून बघू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी वाचता येणारी बसेल. सचिव ताईंनी कर्ज रजिस्टरही आणावं. ‘दवाखाना’ या शब्दापुढे आता एक शब्द जास्त लिहायचा, कशासाठी ते.